सासऱ्याच्या नावाचं कुलूप

प्रिय चिनारा एजे,

पत्र सॅनिटरी पॅडच्या पुड्यात का कोंबलं, हे विचारू नकोस. तुमच्या घरी येणारं प्रत्येक पार्सल तुझा दीर मकसात फोडतो, चहाच्या पुडीतसुद्धा बोट घालून बघतो. पण हा पुडा दिसला की तो विंचू बघितल्यासारखा मागे सरकणार, आणि सासूबाई "झाक ते, झाक आधी!" म्हणत तो स्वतःच तुझ्या खोलीत नेऊन टाकणार. मार्श्रुत्का गाडी चालवणारा झेंगिश बाइकेही विचारेल, "काय गं पोरी, हलकं हलकं लागतंय, काय आहे?" मी खरं तेच सांगेन. त्यानंतर पार नारीनपर्यंत तो त्या पिशवीकडे मान वळवणार नाही बिचारा.

तर दार लाव, पोराला बोर्सोक दे चघळायला, आणि बस. लांबलचक आहे. धाकट्या बहिणीचं अक्षर तुला ठाऊक आहे, नववीच्या पुढं ते वाढलंच नाही.

मकसातनं परत आणून दिलेल्या तुझ्या फोनला मी नवी काच बसवलीय. काच चांगलीतली टाकलीय, दुकानाच्या मालकाला, कानातबेकला, न सांगता, त्यामुळे त्याचं तोंड बघण्यासारखं होणार आहे. पण काच ही सगळ्यात छोटी गोष्ट. तू मागं शेजारणीच्या फोनवरून बोललीस ना, आणि मध्येच "हो हो, मेंढी बरी आहे" असं काहीतरी म्हणून ठेवून दिलास, तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा लागलाय. त्या अल्माटीच्या साल्तानात बाईंनी तुझं लोकरीच्या नमद्याचं शिर्दाक बघितलं, ते घाटाच्या वळणांचं, काळं-लाल. लग्नानंतर मार्श्रुत्कातून जाताना डोलोनची वळणं मोजत गेलीस आणि ती लोकरीवर खडूनं काढलीस, ते. त्यांना ती नक्षी काढणारी बाई पाहिजे होती. गालिच्याच्या चिठ्ठीवर त्या बाईचं नाव पाहिजे होतं. त्यांनी मेल लिहिली, ती घरच्या खात्यावर आली, आणि मकसातनं उत्तर ठोकलं, की नक्षी आमच्या आईची आहे, जेने फक्त शिवते. जेने! भावाची बायको म्हणून दिवसभर जेने जेने करत मागं फिरतो, आणि मेल लिहिताना तुला टाके घालणारं यंत्र करून टाकतो. तुझ्या सासूला सुईत दोरा ओवता येत नाही गं. नक्षी कुठून काढणार त्या?

साल्तानात बाईंना मात्र ते पटलं नाही. त्यांनी मला शोधून काढलं. तुझ्या लग्नाच्या फोटोत मी जीभ बाहेर काढून उभी आहे ना, त्या फोटोवरून! बघ, माझा वेडेपणा कधीतरी उपयोगी पडतो. त्या म्हणाल्या, "मला तिच्याशी बोलायचंय. तिच्या घराशी नाही. तिला म्हणावं, जिथं फक्त तीच वाचते असा एक पत्ता दे. कुरणांवर गुरं जायच्या आत मला माणसं ठरवायची आहेत." आणि एजे, माझ्या लक्षात आलं, की असा पत्ता तुझ्याकडे नाहीच. तुझा फोन आहे, पण आतलं सगळं घराचं. मेल घराची, फोटो घराचे. घरच्या खात्याचा पासवर्ड काय, तर तुझ्या वारलेल्या सासऱ्यांचं नाव आणि पुढं साल. सून म्हणून ते नाव तू तोंडातून काढू शकत नाहीस, आणि हे मकसातला पक्कं माहीत. तू विचारलंस की दात काढतो, "सांगतो ना जेने, त्यात काय! फक्त आधी तू म्हणून दाखव." सगळे हसतात. तू चुलीकडे बघतेस. मी तिथं असते तर त्याच्या चहात मीठ नाही, साबण घातला असता.

साबण पुढं कधीतरी. आता कामाचं.

एक, मेल. मी बरंच धुंडाळलं. ओश बाजाराच्या तळघरात बसून दिवसभर लोकांचे फोन उघडायचे म्हटलं की असली माहिती आपोआप चिकटते, पण कोण खरं बोलतंय ते कसं कळणार? सगळ्याच कंपन्या म्हणतात, आम्ही तुमची गुपितं जपतो. आमची शेजारीण पण म्हणायची. म्हणून मी माझी पद्धत लावली. प्रत्येक ठिकाणी तुझ्या नावानं खातं काढलं, आत वाळवलेल्या दह्याच्या कुरुतचा एक फोटो टाकला, आणि मग मकसात होऊन कंपनीला लिहिलं: "नमस्कार. मी घरातला कर्ता पुरुष. आमची भावजय पासवर्ड विसरली आहे, बायकांचं असंच असतं. कृपया तिचं खातं उघडून द्यावं." खाली सहीसुद्धा त्याच्यासारखी, शेपटीवाली.

एका कंपनीनं माझी जन्मतारीख विचारली, म्हणजे तुझी, आणि दिलं की उघडून! वर "तुमचा दिवस छान जावो". कुरुत माझ्यासमोर हजर. दुसऱ्यांनी हसरा चेहरा पाठवला आणि विसरून गेले. तिसरे मात्र भारी निघाले. त्यांनी लिहिलं, आम्ही उघडू शकत नाही. तुमच्यासाठी नाही आणि त्यांच्यासाठीही नाही. किल्ली आमच्याकडे नाहीच, ती फक्त त्यांच्या डोक्यात आहे. मी चिडल्याचं सोंग केलं. लिहिलं, "तुम्हाला आयाबहिणी आहेत की नाही? घराची अब्रू आहे!" तर परत तेच, आधीपेक्षा गोड शब्दांत. मी तिसऱ्यांदा शिव्या दिल्या. तिसऱ्यांदाही नाही. एजे, मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. कानातबेक म्हणाला, "काय झालं, लॉटरी लागली?" मी म्हटलं, "नाही, नकार मिळाला." त्याला वाटतं माझं डोकं फिरलंय.

तर मेल त्यांचीच घ्यायची. खातं काढताना आपला फोन नंबर द्यायचा नाही, मागितला तरी नाही. साल्तानात बाईंनीही तिथंच खातं काढलंय, मी काढायला लावलं, कारण दोन्ही टोकांना कुलूप असेल तरच मधली वाट बंद राहते. नाहीतर तू इकडे कडी लावायची आणि पलीकडे दार सताड उघडं.

फोटो ठेवायला जागा पण त्यांचीच आहे. तिथंही तीच परीक्षा: पासवर्ड विसरल्यावर जी कंपनी तुझे फोटो परत देते, ती ते बघूही शकते. हे एवढं लक्षात ठेव, बाकी त्यांच्या जाहिराती वाचू नकोस. तुझा फोन माझ्या हातात होता तेवढ्यात घरच्या खात्यातल्या तुझ्या सगळ्या नक्ष्या मी आतल्या कार्डावर उतरवून घेतल्या. सगळ्या गं! ती मेंढ्याच्या शिंगांची पहिली, वाकडी. कावळ्याच्या पावलांची. प्रत्येकीत तुझा हात दिसतो, बोटांवर खडू, आणि प्रत्येकीवर काढल्याची तारीख आहे. घाटाची काढलीस तेव्हा सासूबाई मोतीबिंदूसाठी दवाखान्यात होत्या, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. घरच्या खात्यातून काहीही पुसू नकोस. राहू देत त्याच्याकडे. पुसलंस की त्याला वास लागेल.

आता ते व्हीपीएन. घरातलं वायफाय मकसातचं. त्या डब्यातून तू कुठं कुठं गेलीस ते त्याला दिसू शकतं, आत काय केलंस ते नाही, पण कुठल्या दारात उभी होतीस ते दिसतं. व्हीपीएन म्हणजे तुझ्या फोनपासून थेट बोगदा. त्याला एवढंच दिसेल की तू बोगद्यात शिरलीस. पण मग बोगदेवाल्याला सगळं दिसतं ना? म्हणून फुकटचा घ्यायचा नाही. दुकानात मी एक फुकटचा टाकून बघितला, तर दुसऱ्या दिवसापासून आमच्या सगळ्या फोनांवर टकलावर केस उगवायच्या जाहिराती. कानातबेकला वाटलं मी मुद्दाम केलं. पहिल्यांदाच मी केलं नव्हतं आणि पहिल्यांदाच माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मी घेतलाय तो पैसे घेतो, कोण कुठं गेलं याची नोंद ठेवत नाही, आणि बाहेरच्या माणसांना बोलावून ते तपासून घेतो. बिल माझ्या नावावर, कुलूप तुझ्या. आणि ऐक, बोगद्याचा उपयोग वायफायपुरता. फोनच कोणी हातात घेतला तर बोगदा काय करणार?

म्हणून राहिलं शेवटचं, पासवर्ड सांभाळणारं ॲप. ही एक पेटी. आत सगळ्या दारांच्या किल्ल्या, एकेक अशी वेडीवाकडी की तुलाही पाठ होणार नाही. तुला पाठ ठेवायचं ते फक्त पेटीचं एक वाक्य. पोराचं नाव नको, जन्मतारीख नको, माझं नाव तर मुळीच नको, मकसातला मी स्वप्नात पण छळते. बोटाचा ठसा बंद कर. झोपेत कोणीही तुझं बोट धरून लावेल. झोपेत वाक्य काढून घेता येत नाही. तू झोपेत बोलतेस, पण शिव्याच देतेस.

आता वाक्य कसं करायचं ते सांगते, आणि हे मला भाकरी थापताना सुचलं, त्यामुळे भाकरी करपली. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घे, जे तुझ्याच डोक्यात येतील असे. त्यांच्या मध्ये सासऱ्यांचं नाव घाल. पूर्ण. तुर्गुनबाय. मी लिहू शकते, मी काही त्या घरची सून नाही. त्याच्या पुढंमागं त्यांच्या थोरल्या भावाचं पण घाल, तेही तुला घ्यायला बंदी आहे. नुसतं नाव असतं तर मकसातनं दोन मिनिटांत ओळखलं असतं, पण ते चार शब्द त्याच्या बापजन्मात जुळायचे नाहीत.

आणि समज, एक दिवस त्याला ती पेटी दिसली. दिसेलच, तो काही आंधळा नाही. मग सगळे जेवणाच्या दस्तरखानाभोवती बसणार, काका बसणार, सासूबाई बसणार, आणि तो म्हणणार, "सांग जेने, काय लपवलंस? बोल सगळ्यांसमोर." तेव्हा तू काय करायचं? मान खाली. ओढणी पुढं. आणि हळूच, अगदी पहिल्या दिवशीच्या सुनेसारखं म्हणायचं, "कसं सांगू? थोरल्यांची नावं आहेत त्यात. या घरची सून आहे मी." बघ मग मजा! काका तुझ्याच बाजूनं बोलणार, "अरे, पोरीला नाव घ्यायला लावतोस? लाज आहे का?" लिहून दे म्हणाला तर म्हण, जे तोंडानं घेत नाही ते हातानं कसं घेऊ. टाइप करणं म्हणजे लिहिणं नव्हे, हे मी ठरवलंय, कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव. ज्या रीतीनं त्यांनी तुझं तोंड बांधलं, तिच्यापुढंच त्यांना गप्प बसू दे.

तुला अवघड वाटेल, माहितीय. त्या घरात सासरेच एक असे होते जे तुला सून, ए सून म्हणून हाक मारायचे नाहीत. चिनारा म्हणायचे. नारीनच्या बाजारातून तुला रंगीत खडू आणून दिले होते आणि सासूला सांगितलं होतं की मेंढ्यांवर खुणा करायला आणलेत. त्यांचं नाव वापरून मकसात तुझी टिंगल करतो, त्यापेक्षा तू तुझी पेटी बंद करायला वापरलंस तर त्यांना जास्त आवडेल. मला तर वाटतं ते मोठ्यानं हसले असते.

पेटीवाले एक सुटकेचा आकडा देतील, वाक्य विसरलीस तर कामाला यायला. तो फोनमध्ये ठेवू नकोस. कापडाच्या पट्टीवर काढ आणि सासूबाई ज्या शिर्दाकवर बसतात त्याच्या दोन थरांमध्ये शिवून टाक. त्यांच्या बुडाखाली हात घालायची हिंमत त्या घरात कुणाची नाही.

आणखी एक गोष्ट. मकसात दुकानात आला होता. नुसता काचेसाठी नाही. मला म्हणाला, "तू हुशार आहेस, यात असं काहीतरी टाक की जेने काय बघते, कुणाशी बोलते, ते माझ्या फोनवर दिसलं पाहिजे. भाऊ रशियात आहे, घराची जबाबदारी माझ्यावर." मी म्हटलं, "टाकते की!" त्याच्या फोनवर टाकलं पण. फक्त पलीकडचं टोक तुझ्या फोनला नाही जोडलं. आमच्या दुकानात एक जुना मोडका फोन पडलाय, त्याला जोडलं. आता मी जेवणाच्या सुट्टीत त्या फोनवर मेंढ्यांच्या जंतांचे व्हिडिओ लावते. लागोपाठ. मध्ये एखादी पुलावाची कृती. तू कुठं आहेस ते दिसेल का, असं त्यानं विचारलं, मी म्हटलं त्याचे दरमहा वेगळे पैसे पडतात, तर लगेच "नको, नको, एवढं पुरे". काल त्याचा फोन आला होता, आवाज काळजीचा, "मेरिम, जेनेला काही झालंय का? ती जंत सोडून दुसरं काही बघतच नाही." एजे, मी काउंटरखाली बसून हसले. तेव्हा त्यानं विचारलं तर जरा मेंढ्यांबद्दल बोल. पण हे फार दिवस चालणार नाही. चालू आहे तोवर तुझी सगळी दारं लावून घे.

ॲप सगळी उतरवून ठेवलीत, "मेंढ्यांची औषधं" नावाच्या फोल्डरमध्ये. खातं मात्र एकही उघडलेलं नाही. मी परीक्षेला काढलेली सगळी मोडून टाकली. घरच्या वायफायवर उघडू नकोस, शाळेमागच्या चढावर जा, तिथं रेंज येते, शेण गोळा करायच्या निमित्तानं जा. साल्तानात बाईंचा पत्ता पुड्याच्या तळाशी आहे. तुला वाटत असेल, ही एवढी शहाणी, हिनं सगळं उघडून, वाक्य घालून, तयार फोनच का नाही पाठवला? मला येत नव्हतं म्हणून नाही. आणि आळस म्हणूनही नाही, यावेळी.

मकसात एकटा आला नव्हता एजे. आपा त्याच्याबरोबर होती. आपली आपा, आपल्याला जन्म देणारी. गुडघे दुखतात म्हणून खालच्या गल्लीतल्या दुकानात जात नाही ती, तळघराचा तो अख्खा जिना उतरून आली, आणि तुझा फोन तिनं स्वतःच्या हातानं माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "तो सांगतो ते टाक गं. तुझ्या बहिणीचं घर टिकू दे. परत आली तर मी चार लोकांत तोंड कसं दाखवू?" मी नाही म्हणाले, तर ती तिथंच रडायला लागली, गिऱ्हाइकांसमोर, तोंडात रुमाल कोंबून. आणि माझा हात हलला. खरं सांगते, मी फोन उचलला होता, आणि सोंग नव्हते करत. मग मकसातनं तिच्या खांद्यावर थोपटलं, खूश होऊन, तेव्हा कुठं मी भानावर आले. त्या रात्रीपासून मी घरी गेलेली नाही, कानातबेकच्या बहिणीकडे राहते, आपाला सांगितलंय की मी तुझीच पोर आहे पण असलं काम पुन्हा करणार नाही, हवं तर मला पण परत येऊ नकोस म्हण. मकसातला मी आयुष्यभर फसवू शकते, त्याचं मला काही वाटत नाही. भीती मला आपाची वाटते. ती पुन्हा येईल, पुन्हा रडेल, आणि मी तुला ओळखते तशी स्वतःलाही ओळखते. म्हणून ते वाक्य तू एकटीनं कर, मला सांगू नकोस. मी फोन करून विचारलं, लाडीगोडी लावली, रडले, आपा मरायला टेकलीय म्हटलं, तरी सांगू नकोस. आणि साल्तानात बाईंना हो म्हणायचं की नाही, तेही मला न विचारता ठरव. कुणालाच न विचारता.

तुझीच, आणि तरीही जिला काही सांगायचं नाही ती,
मेरिम